तलाव कोणाचा?

अन्नाचा प्रश्न निघाला म्हणजे आपण शहरवासी बहुधा भावापासून सुरुवात करतो. तांदूळ महागला की शेतकऱ्याची आठवण होते आणि स्वस्त झाला की त्याचा विसर पडतो. परंतु भाव हा या साखळीतला अखेरचा दुवा होय. आज आम्ही पहिल्या दुव्याकडे, म्हणजे पाण्याकडे, श्रोत्यांचे लक्ष वेधू इच्छितो. आणि त्यासाठी गोंदियाचे उदाहरण घेतो.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्यापूर्वीचा त्याचा इतिहास हा भंडाऱ्याचाच इतिहास आहे. या मुलखात पाऊस वर्षाकाठी पन्नास इंचांच्या आसपास पडतो. इतका पाऊस असता तलाव हवेत कशाला, असे कोणी विचारील. उत्तर धानाच्या स्वभावात आहे. पऱ्हे टाकले, रोवणी झाली, बांध्या हिरव्या झाल्या, तरी लोंबीत दाणा भरण्याच्या वेळी पाणी हवेच. नेमक्या याच वेळी, हस्ताच्या नक्षत्रात, पाऊस दगा देतो. १८९६ साली मध्य प्रांतात पाऊस लवकर आटोपला आणि दुष्काळ ओढवला, तो याच कारणाने. पावसाळ्याच्या आरंभी वाहून जाणारे पाणी अखेरच्या पंधरवड्यासाठी राखून ठेवणे, एवढेच तलावाचे काम. पण त्यावर वर्षाचे अन्न अवलंबून असते.

हे काम ज्यांनी केले त्यांत कोहळी समाजाचे नाव प्रथम घ्यावे लागते. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या समाजाच्या तलावबांधणीच्या कौशल्याचा गौरव आहे. चांद्याच्या हीरशहा या गोंड राजाविषयी अशी परंपरा सांगतात की, जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन मिळे. नवेगावबांधचा प्रचंड तलाव अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानतात. भोवतीच्या टेकड्यांना लोक 'सात बहिणी' म्हणतात आणि त्यांतील एकीवर कोलू पाटलाचे कोलासुर देव या नावाने ठाणे झाले. राजांची स्मारके पुष्कळ असतात. पाळ बांधणाऱ्याचा देव होतो, ही गोष्ट त्या समाजाच्या मूल्यांविषयी बरेच काही सांगून जाते.

१८६० नंतरच्या बंदोबस्तात इंग्रज सरकारने गावच्या पाटलांना मालकी हक्क दिले. ते मालगुजार झाले आणि तलावही त्यांचे झाले. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मालगुजारीची स्तुती करण्याचा आमचा हेतू नाही. मालगुजार कुळांकडून वेठ घेई, आणि उत्तम ओलिताची जमीन बहुधा त्याचीच असे. परंतु म्हणूनच पाळ फुटली तर पहिले नुकसान त्याचे होई. त्याचा स्वार्थ आणि गावाचे पाणी एकाच पाळीला बांधलेले होते. गावकऱ्यांचे हक्क वाजिब-उल-अर्ज आणि पुढे निस्तार पत्रक यांत नोंदले जात. उन्हाळ्यात पाळीवर माती टाकण्यास माणसेही गावातूनच येत.

१९५० चा मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला आणि तलाव सरकारचे झाले. तेव्हापासून कागदोपत्री ते 'माजी मालगुजारी', म्हणजेच बोलीत 'मामा' तलाव. पूर्व विदर्भात त्यांची संख्या काही हजारांत आहे. कायदा न्याय्यच होता. पण मालकासोबत मालकाचे कर्तव्यही गेले, आणि त्या रिकाम्या जागी कोण येणार याचा विचार अपुरा राहिला. पुढे अडीचशे एकरांपर्यंतचे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. सरकार म्हणे, दुरुस्ती हवी तर पाणीपट्टी द्या. शेतकरी म्हणे, आमच्या वाडवडिलांनी खोदलेल्या तलावाचे पाणी आमच्या हक्काचे आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते आणि या वादात गाळ मात्र वर्षानुवर्षे साचत गेला.

असेच पूर्वी सिंहलद्वीपात घडले होते. तेथील वेठीची 'राजकारिय' पद्धत इंग्रजांनी १८३२-३३ च्या सुमारास बंद केली. जुलूम गेला हे चांगलेच झाले. पण तलाव राखणारी सामुदायिक मेहनतही त्याबरोबर ओसरली. अखेर १८५६ साली कायदा करून गावांच्या जुन्या पाटबंधारे-रूढींना पुन्हा बळ द्यावे लागले. तो धडा आपल्यासमोर होता. आपण तो वाचला नाही.

पुढील काळात अन्नाचे राजकारण दुसऱ्याच दिशेने गेले. १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग स्थापन झाले. मागोमाग अधिक उत्पन्नाच्या धानाच्या जाती आल्या. १९७० च्या सुमारास गाढवी नदीवर इटियाडोह धरण उभे राहिले. यांतून देशाचे पोट भरले हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण हमीभाव मिळतो तो पोत्यात भरलेल्या धानाला. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानास क्विंटलला २,३०० रुपये आधारभूत किंमत होती. आदल्या हंगामासाठी राज्य सरकारने दोन हेक्टरांच्या मर्यादेत हेक्टरी २०,००० रुपये प्रोत्साहनपर दिले. पाळीवर माती टाकणाऱ्याला यातून काय मिळाले? काही नाही. जे विकत घेतले जाते तेच पिकते आणि ज्याचा मोबदला नाही ते मोडकळीस येते, हा अर्थशास्त्राचा साधा नियम आहे.

तलाव म्हणजे केवळ धानही नव्हे. ढीवर समाजाची मासेमारी, कमळकंद, शिंगाडे, गुरांचे पाणी, बांध्यांतून चरणारे सारस पक्षी, हे सारे त्याच पाण्यावर जगते. मालगुजाराच्या काळी ढीवराला मालकी नव्हती, आणि सरकारच्या काळीही तो ठेकेदारच राहिला. अलीकडे अर्जुनी-मोरगाव भागात ढीवर स्त्री-पुरुषांनी तलावांतील बेशरम उपटून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. ज्यांना कधी मालक म्हटले नाही त्यांनी मालकाचे कर्तव्य केले, ही घटना आम्हांस फार मोलाची वाटते.

कायद्याची साधनेही आता आहेत. २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना व्यवस्थापनाचा अधिकार दिला. २००६ च्या वनहक्क कायद्यात वनात राहणाऱ्या समाजांचा मासे व जलाशयांतील उत्पन्न यांवरील सामूहिक हक्क मान्य आहे. २०१४ च्या अखेरीपासून जलयुक्त शिवार योजनेत काही तलावांची दुरुस्तीही झाली. परंतु यंत्राने एकदा काढलेला गाळ पुन्हा साचतो. दरवर्षी पाळीवर फिरणारा माणूस हवा, आणि त्याच्यामागे हक्क, पैसा व गावाचा शब्द हवा. त्या गावात शेतकऱ्याबरोबर ढीवरही बसला पाहिजे.

तलाव कोणाचा, हा प्रश्न राजाने, मालगुजाराने आणि सरकारने आपापल्या परीने सोडवला. तलाव कोणी राखायचा, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. आपल्या ताटात गोंदियाचा तांदूळ येतो तोवर त्याच्या उत्तरातला काही वाटा आपल्याकडेही येतो, एवढे ध्यानात ठेवून श्रोत्यांनी घरी जावे, अशी आमची विनंती आहे.