अवस्था-श्रेणी (वापरातून काढलेली लष्करी रायफल)

सैन्याने किंवा पोलीस दलाने वापरातून काढलेली रायफल विक्रीला येते तेव्हा तिची झीज, गंज, झालेली दुरुस्ती आणि मूळ भाग किती शिल्लक आहेत हे पाहून तिला दिला जाणारा दर्जा. किंमत या दर्जावर ठरते. दर्जा विक्रेता देतो, घेणाऱ्याने मात्र तो स्वतःच्या डोळ्यांनी पडताळायचा असतो. दर्जा आणि दर्शनी रूप यांचा संबंध लोक समजतात त्याहून बराच कमी असतो. पॉलिश केलेला बट आणि काळीभोर नळी पाहून मन भुलते, पण रायफलीचे आयुष्य नळीच्या आत आणि बोल्टच्या तोंडाशी लिहिलेले असते.

भारतात या विषयाची सुरुवात कायद्यापासून होते. ठाणे जिल्ह्यातल्या टिटवाळा, खडवली, मुरबाड या पट्ट्यातल्या एखाद्या शेतकऱ्याकडे किंवा निवृत्त जवानाकडे रायफलीचा परवाना असला, तरी त्यावर .३०३ ली-एनफील्ड घेता येत नाही. ती कितीही उत्तम अवस्थेत असो, .३०३ हा सामान्य नागरिकाला निषिद्ध बोअर आहे. लष्करी काडतुसे बाहेर जाऊन सरकारविरुद्ध वापरली जाऊ नयेत म्हणून इंग्रजांनी हे बंधन घातले आणि स्वातंत्र्यानंतर ते कायम राहिले. त्यामुळे भारतातल्या नागरी रायफलींत .३१५ बोअर रूढ झाला. हे काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलीचे, ८ मिमी व्यासाचे. पण सरकारी शस्त्रनिर्माण कारखान्यांची .३१५ रायफल ली-एनफील्डच्याच रचनेवर उभी आहे: मागच्या बाजूला अडकणारा बोल्ट, तोच दांडा, तीच चाल. म्हणून लष्करी ली-एनफील्ड तपासण्याची रीत वापरलेली .३१५ घेणाऱ्यालाही जवळपास तशीच्या तशी लागू पडते.

खऱ्या अर्थाने सैन्याच्या भांडारातून येणारी शस्त्रे भारतात एका अरुंद वाटेने मिळत आली आहेत. जबलपूरच्या सेंट्रल ऑर्डनन्स डेपोतून ‘एनएसपी’ म्हणजे लष्करी नमुन्यात न बसणारी शस्त्रे सेवेतल्या आणि निवृत्त सैनिकांना दिली जातात. भांडाराची स्वतःची वर्गवारी सरळ असते: सर्व्हिसेबल, रिपेअरेबल आणि बीईआर, म्हणजे दुरुस्तीचा खर्च परवडणार नाही असे. ही वर्गवारी सैन्याच्या कामासाठी आहे. ‘सर्व्हिसेबल’ म्हणजे चालू, एवढाच तिचा अर्थ. नळी नवी आहे असे ती कधीच सांगत नाही.

अमेरिकेत मात्र हा विषय मोठ्या बाजाराचा आहे आणि श्रेणींची भाषा तिथेच घडली. नॅशनल रायफल असोसिएशनच्या मापांत वापरलेल्या आधुनिक शस्त्राला एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर आणि पुअर अशा पायऱ्या आहेत. ‘व्हेरी गुड’ म्हणजे चालणाऱ्या भागांवर जाणवण्याजोगी झीज नाही, गंजाचे खड्डे नाहीत, फक्त किरकोळ ओरखडे. ‘गुड’मध्ये थोडी झीज चालते. ‘फेअर’मध्ये खड्डेही चालतात, अट एवढीच की शस्त्र धोकादायक नसावे. सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम ही संस्था सैन्याच्या जुन्या एम-१ गॅरंड रायफली विकते. तिच्या श्रेणी रॅक, फील्ड, सर्व्हिस अशा चढत्या आहेत, आणि त्या ठरवताना नळीचा घसा आणि तोंड गेजने मोजतात. मोजमापावर उभी असलेली ही पद्धत नुसत्या विशेषणांपेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. आपल्या इशापूर कारखान्यात १९६०च्या दशकात ७.६२ मिमी नाटो काडतुसासाठी बनलेल्या २ए आणि २ए१ रायफलीही वापरातून काढल्यावर त्याच बाजारात पोचल्या. बारा काडतुसांचे मॅगझिन ही त्यांची ओळख. २ए१ वर मागची शिस्त ८०० मीटरपर्यंतच आखलेली असते, जुन्या ली-एनफील्डवर ती २,००० यार्डांपर्यंत असे.

नळी पाहताना बोल्ट काढून बाजूला ठेवावा, चेंबर रिकामे असल्याची बोटाने खात्री करावी आणि मागच्या तोंडाशी पांढरा कागद तिरका धरून पुढच्या बाजूने पाहावे. उत्तम नळीत आटे धारदार दिसतात आणि उजेड गोल फिरत जातो. मध्यम नळीत आटे स्पष्ट असले तरी पृष्ठभाग धुरकट, दव पडल्यासारखा दिसतो. वाईट नळीत कडा गोल झालेल्या असतात आणि काळे ठिपके, म्हणजे गंजाचे खड्डे, दिसतात. हे सारे नळी कोरड्या चिंदीने पुसून झाल्यावरच पाहावे. तेलाचा जाड थर खड्डे झाकतो, आणि विकायला ठेवलेल्या रायफलीत असा थर हमखास असतो.

इतक्या जुन्या नळ्या आतून काळ्या पडण्याला ठोस कारण आहे. .३०३ची जुनी काडतुसे कॉर्डाइट दारूची. ही दारू फार उष्ण जळते आणि चेंबरच्या पुढचा घसा झिजवते. त्यातल्या टोपीच्या रसायनातून पोटॅशियम क्लोराइड हे मीठ नळीत उरते आणि हवेतला ओलावा ओढून घेते. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसे, बुडावर ‘केएफ’ कोरलेली, जगभरच्या नेमबाजांना याच कारणाने ठाऊक आहेत. हे मीठ तेलाने निघत नाही. आधी गरम पाण्याने धुवावे लागते आणि मग तेल. ज्या तुकडीत हा नियम पाळला गेला तिथली साठ-सत्तर वर्षांची नळीही स्वच्छ सापडते. ज्या तुकडीत टाळला गेला तिथली नळी काही हंगामांतच खराब होते, बाहेरून रायफल कितीही चकचकीत असली तरी.

झिजेचे दुसरे कारण सफाईच्या हातातच आहे. पुलथ्रूची दोरी आणि चिंदी एनसीसीत गेलेल्या प्रत्येकाला आठवेल. दोरी सरळ न ओढता तिरकी ओढली की ती नळीच्या तोंडाची एक कड कापत जाते. अशी नळी आतून आरशासारखी असली तरी नेम एका अंगाला जातो. तपासायला दारू नसलेली डमी गोळी टोकाकडून नळीच्या तोंडात अलगद टेकवून पाहतात. गोळी सहज खोल उतरली तर तोंड झिजलेले समजावे.

यानंतर हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचे तोंड आणि नळीचे मागचे तोंड यांतले अंतर. .३०३ साठी ते ०.०६४ ते ०.०७४ इंच असावे लागते. त्याहून वाढले तर काडतुसाचे पितळ बुडाजवळ तुटते आणि वायू मागे येऊ शकतो. हे डोळ्यांनी कळत नाही, आर्मररच्या, म्हणजे शस्त्रे तपासणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या, गेजनेच कळते. गेज लावू न देणाऱ्या विक्रेत्याकडची रायफल घेऊ नये, त्याने श्रेणी कितीही वरची सांगितली तरी.

खुणा वाचणे हा श्रेणीचाच भाग आहे. रिसीव्हर (बोल्ट बसतो तो भाग), नळी आणि बोल्टच्या दांड्यावरचा क्रमांक एकच असला तर रायफल बहुधा मूळ जोडणीची आहे. बोल्टचा क्रमांक वेगळा असला तर हेडस्पेस मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘एफटीआर’ म्हणजे कारखान्यात पूर्ण दुरुस्ती. ती कमीपणाची खूण नव्हे, उलट चालवण्यासाठी घेणाऱ्याला अशी रायफल जास्त भरवशाची. संग्राहक मात्र तिला खालची किंमत देतो. ‘डीपी’ म्हणजे फक्त कवायतीसाठी, तिच्यातून कधीही गोळी झाडू नये. ‘ईवाय’ खुणेची, पुढच्या लाकडावर तार गुंडाळलेली रायफल ग्रेनेड फेकण्यासाठी वापरलेली असते. तिचा रिसीव्हर आधीच ताणलेला असतो, म्हणून नेमबाजीसाठी ती बाद धरावी. क्रमांक घासलेला दिसला तर विषय तिथेच संपतो. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या ८व्या कलमाने ओळखखुणा नसलेले शस्त्र विकायला मनाई आहे, आणि असे शस्त्र बाळगणाऱ्यानेच खुणा पुसल्या असे, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते.

ठाणे जिल्ह्याच्या हवेचा वेगळा विचार करावा लागतो. काळू नदीच्या काठच्या गावांत पावसाळाभर भिंतीही ओल्या राहतात, आणि कातडी किंवा कॅनव्हासच्या म्यानात बंद ठेवलेली रायफल म्यानामुळेच गंजते. निवडणुका जाहीर झाल्या की परवान्यावरची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात, आणि तिथे ती कित्येक आठवडे पुसल्यावाचून राहू शकतात. म्हणून शेवटची जमा-पावती कधीची आणि त्यानंतर सफाई झाली का, हे विचारणे बटाचे लाकूड निरखण्यापेक्षा उपयोगाचे. लाकूड आणि धातू मिळतात त्या रेषेवर, बटाच्या तळपट्टीखाली आणि माशीच्या बुडाशी गंज आधी धरतो. विक्रेत्यासमोर तळपट्टीचे दोन स्क्रू काढून पाहायला संकोच करू नये.

दोन दर्जांत निवड करायची वेळ आली तर स्वच्छ नळी, योग्य हेडस्पेस आणि जुळणारे क्रमांक असलेली, पण लाकूड ओरबाडलेली खालच्या श्रेणीची रायफल घ्यावी. लाकूड बदलता येते. झिजलेल्या नळीवर केलेला खर्च वाया जातो. भिंतीवर टांगायची जुनी वस्तू हवी असेल तर हिशेब उलटा: तिथे मूळपणाला किंमत. शस्त्र कायद्याच्या ४५व्या कलमात जुन्या घाटाच्या आणि दुरुस्तीनेही न चालणाऱ्या शस्त्रांना सवलत आहे, पण ‘बंद आहे’ असे विक्रेत्याने तोंडी म्हणणे पुरत नाही.

व्यवहार परवानाधारक विक्रेत्याकडून होवो की दुसऱ्या परवानाधारकाकडून, इसार देण्याआधी परवान्यावरचा बोअर वाचून घ्यावा. आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे आणि ग्रामीण हद्दीत जिल्हाधिकाऱ्यांकडे नोंद करावी लागते. २०१९च्या दुरुस्तीपासून एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. एका परवानाधारकाने दुसऱ्याला स्वतःचे शस्त्र विकायचे तर आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. हे ४५ दिवस रायफल आर्मररला दाखवून घेण्यासाठी वापरावेत.