शेतकऱ्याच्या घराचा दरवाजा : लाकूड, सुतार आणि राज्यसत्ता

पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरील अणकुचीदार खिळे सर्वपरिचित आहेत. सामान्य शेतकऱ्याने स्वतःच्या घराला बसविलेल्या दरवाजाकडे मात्र इतिहासलेखनाचे फारसे लक्ष गेलेले नाही. वस्तुतः चौकट, उंबरठा, फळ्या व अडसर यांतून ग्रामीण अर्थव्यवस्थेचे दोन महत्त्वाचे संबंध स्पष्ट होतात.

पहिला संबंध सुताराशी आहे. बारा बलुतेदारांपैकी एक असलेल्या सुतारास नांगर, कुळव, पाभर इत्यादी अवजारांच्या कामाबद्दल सुगीला धान्यरूपाने बलुते मिळे. घरबांधणीचे काम सामान्यतः त्यात मोडत नसे. त्याची मजुरी वेगळी द्यावी लागे. त्यामुळे दरवाजा ही शेतकऱ्यासाठी जादा खर्चाची बाब होती.

दुसरा संबंध लाकडाच्या हक्काशी आहे. इ. स. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त, आरमारासाठीदेखील रयतेच्या आंबा-फणसास हात लावू नये. झाड जीर्ण असल्यास धन्यास राजी करून, मोल देऊनच तोडावे, असे बजावले आहे. १८७८ च्या वन कायद्याने राखीव वनांत परवानगीविना वृक्षतोड गुन्हा ठरविली. परिणामी चौकटीचे लाकूड अनेकांना विकत घ्यावे लागले. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये जंगलखात्यावर केलेली टीका या पार्श्वभूमीवर वाचावयास हवी.

सारांश, दरवाजा घरधन्याचा असला, तरी तो कोणत्या लाकडाचा असावा हे त्याच्या इच्छेइतकेच राज्यसत्तेच्या वनविषयक धोरणानेही ठरविले.