माळेचे शंभर मणि

जपमाळेंत एकशें आठ मणि असतात, हें आपल्याकडे लहान मुलालाहि ठाऊक असतें. तिबेटांतील बौद्ध यात्रेकरूंच्या माळेंतहि मणि तितकेच. परंतु इ. स. १८६५ सालीं नेपाळच्या बाजूनें तिबेटांत शिरलेल्या एका प्रवाशाच्या माळेंत ते बरोबर शंभर होते, आणि त्यांतील दर दहावा मणि इतरांहून मोठा होता. ह्या आठ उण्या मण्यांकडे वाटेंत कोणाचें लक्ष गेलें नाहीं, हें त्या प्रवाशाचें भाग्य. कारण गेलें असतें तर त्याचे प्राण वांचणें कठीण होतें.

हे प्रवासी म्हणजे मिलमचे शाळामास्तर पंडित नैनसिंग रावत. कुमाऊंच्या अगदीं उत्तरेस, गोरीगंगेच्या उगमाजवळ, जोहार खोऱ्यांत हें मिलम गांव आहे. हिंवाळा आला कीं साऱ्या गांवानें गुरेंमेंढरें घेऊन खालच्या खोऱ्यांत उतरावें, उन्हाळ्यांत पुन्हां वर चढावें, घाट ओलांडून तिबेटांत धान्य न्यावें आणि तेथून मीठ व लोंकर आणावी, असा तेथील शौका लोकांचा पिढीजात क्रम होता. नैनसिंगांचा जन्म १८३० चा. ‘पंडित’ ही पदवी त्यांना कोणा विद्वत्सभेनें दिलेली नव्हती. शाळेंत शिकवितो तो पंडित, इतकाच तिचा अर्थ. पुढें मात्र त्यांच्या मागून मोजणी खात्यानें पाठविलेल्या साऱ्या गुप्त प्रवाशांना हेंच नांव पडलें. मास्तरकीला इतका मान क्वचितच मिळाला असेल.

त्या काळीं हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी हिमालयापर्यंत येऊन थांबली होती. शिखरांच्या उंच्या खालून वेध घेऊन काढल्या होत्या. पण शिखरांपलीकडे नकाशा कोराच होता. तिबेटनें परक्यांना दारें बंद केलेलीं, आणि मध्य आशियांत तर आडोल्फ श्लागिंटवाइट नांवाच्या जर्मन प्रवाशाचा १८५७ सालीं काशगर येथें शिरच्छेद झालेला. तेव्हां खात्यांतील कॅप्टन टॉमस जॉर्ज माँटगोमरी यांनीं अशी युक्ति काढली कीं, गोऱ्या माणसाला जेथें मज्जाव आहे तेथें सरहद्दीवरचा व्यापारी सहज जातो. मग मोजणीची विद्या त्यालाच शिकवावी. पहिला प्रयोग १८६३ सालीं महंमद हमीद नांवाच्या मुनशींवर झाला. ते लेहहून काराकोरम घाटानें यारकंदला गेले, तेथें त्यांनीं हिंवाळा काढला, आणि परततांना वाटेंतच ते वारले. त्यांचीं टिपणें मात्र परत आलीं. खात्याच्या दृष्टीनें प्रयोग यशस्वी झाला होता.

त्याच सालीं नैनसिंग व त्यांचे चुलतभाऊ मानीसिंग यांना डेहराडूनला आणून त्यांची तयारी सुरू झाली. सामान जें दिलें तें मोठ्या चातुर्यानें लपविलेलें होतें. सूर्याची व ताऱ्यांची उंची घेण्याचें सेक्स्टंट यंत्र पेटीच्या चोरकप्प्यांत. पारा कवड्यांत भरलेला. आणि हातांतल्या प्रार्थनाचक्रांत मंत्राच्या कागदाऐवजीं टिपणाचे कागद. कोणी चक्र फिरवीत जप करीत असला, तर त्याच्या ध्यानांत व्यत्यय आणणें तिबेटांत अशिष्ट समजत. म्हणून कोणी जवळ येतांना दिसला कीं पंडितांनीं चक्र फिरवूं लागावें, आणि त्यानें मुकाट्यानें पुढें जावें! भाविकांच्या सौजन्याचा असा उपयोग करून घेणें कांहीं श्रोत्यांना रुचणार नाहीं, आणि तें रुचूं नयेहि. पण ज्यांच्या जिवाला जोखीम होती त्यांनीं ही युक्ति ठरविलेली नव्हती. ठरविणारे डेहराडूनलाच बसले होते.

ह्या प्रवासाची हकीकत बहुधा वेषांतराची आणि हेरगिरीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ती चटकदार आहे खरी; परंतु तिच्या भरांत मुख्य गोष्ट बाजूला राहते. वेष कोणीहि पालटील. पंडितांना शिकविलेली सर्वांत अवघड विद्या ही, कीं चढण असो, उतरण असो, कीं सपाटी असो, पाऊल सारख्याच लांबीचें पडलें पाहिजे. सुमारें दोन हजार पावलांचा एक मैल. शंभर पावलें झालीं कीं एक मणि ओढावयाचा. मोठा मणि हातीं आला कीं हजार पावलें झालीं. माळ पुरी झाली कीं दहा हजार, म्हणजे पांच मैल. अंतर असें मोजावयाचें, दिशा होकायंत्रानें घ्यावयाची, आणि जेथें मुक्काम पडेल तेथें आकाशांतील वेधांवरून अक्षांश काढून पावलांचा हिशेब पडताळावयाचा.

आतां हें काम ज्या मुलखांत करावयाचें होतें त्याचा विचार करावा. आपल्या सह्याद्रींतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. तें सुमारें ५,४०० फूट. तशीं तीन शिखरें एकावर एक रचलीं म्हणजे ग्यांत्से आणि यामद्रोक सरोवर यांच्यामधल्या खारो घाटाची उंची येते. नैनसिंगांनीं शिगात्से सोडलें तें डिसेंबर १८६५ च्या उत्तरार्धांत, आणि ल्हासाला ते पोंचले १० जानेवारी १८६६ रोजीं. म्हणजे हा घाट त्यांनीं ऐन थंडीच्या कडाक्यांत ओलांडला. इतक्या उंचीवर हवा समुद्रकांठच्या मानानें जवळजवळ निम्मी विरळ असते. थोडें चढलें कीं धाप लागते, आणि धाप लागली कीं माणूस न कळत पाऊल आंखडतें घेतो. ताज्या बर्फांत पाय रुततो, गोठलेल्या बर्फावर तो घसरतो. दोन्हींकडून पाऊल लहानच पडतें. त्यांतून पठारावरचें वारें समोरून सुटलें म्हणजे माणूस मागें रेटला जातो. बोटें बधिर झालीं कीं मणि सरकला कीं नाहीं हेंहि उमगत नाहीं. हात बाहीच्या आंत घ्यावा तर माळ सुटते, बाहेर ठेवावा तर बोटांचा भरंवसा नाहीं. घरीं स्वस्थ बसून कोणी शंभरपर्यंत मोजूं लागला आणि मधेंच त्याला हांक आली, तर अंक चुकतो. पंडितांना दिवसच्या दिवस तांड्याच्या गलबल्यांत, बोलणाऱ्यांना उत्तरें देत मोजावें लागे. आणि ओठ हलले तर ते जपानेंच हलले असें दिसावें लागे.

रात्रींहि सुटका नव्हती. तारा पाहावयाचा तो उघड्या आकाशाखालीं, आणि आकाश जितकें निरभ्र तितकी थंडी कडक. लांकडी वाटींत पारा ओतून त्यांत ताऱ्याचें प्रतिबिंब धरावयाचें. वाऱ्यानें पारा हालला कीं वेध फुकट. ठिकाणाची उंची काढण्याची रीत निराळी. जों जों उंच जावें तों तों पाणी कमी उष्णतेवर उकळतें. समुद्रकांठीं शंभर अंशांवर उकळणारें पाणी ल्हासाला सुमारें अठ्ठ्यायशीं अंशांवरच उकळूं लागतें. पाण्यांत उष्णतामापक धरून हा अंश टिपला, कीं उंचीचा अंदाज निघतो. रीत सोपी, पण झाडाची काडी जेथें मिळत नाहीं, याकच्या वाळल्या शेणावर चूल पेटवावी लागते, आणि पाण्यांत कांचेची नळी कां धरलीस म्हणून कोणी विचारतां कामा नये, तेथें ती किती सोपी राहत असेल?

त्या मार्गावरच्या सरकारी जासुदांचें वर्णन पंडितांनीं करून ठेवलें आहे. गार्तोकपासून ल्हासापर्यंत सुमारें आठशें मैल हे जासूद घोडे बदलीत रात्रंदिवस जात. त्यांनीं वाटेंत अंगरखा उतरूं नये म्हणून तो छातीवर मोहोर लावून बंद केलेला असे. ती मोहोर मुक्कामावरच्या अधिकाऱ्यानेंच फोडावयाची. पोंचत तेव्हां त्यांचे चेहरे थंडीनें भेगाळलेले, डोळे तांबारलेले व खोल गेलेले, आणि अंग उवांनीं फोडलेलें असे. अशी ह्या वाटेची थंडी, आणि तीहि घोड्यावर बसून जाणाऱ्यांना. पंडितांना घोडा चालण्यासारखा नव्हता, कारण घोड्यावर बसलें कीं मोजणी बुडाली.

ल्हासाला ते तीन महिन्यांहून अधिक राहिले. पैसे संपत आले तेव्हां त्यांनीं व्यापाऱ्यांना हिंदुस्थानी पद्धतीचा हिशेब शिकवून पोट भरलें. शाळेंतली विद्या अशी उपयोगी पडली. दोघां काश्मिरी मुसलमान व्यापाऱ्यांनीं त्यांचें सोंग ओळखलें. पण त्यांनीं तें गुपित राखलें, इतकेंच नव्हे तर घड्याळ गहाण ठेवून घेऊन पैसेहि दिले. परवानगीवांचून आलेल्या एका चिनी माणसाचा शिरच्छेद झालेला नैनसिंगांनीं तेथेंच पाहिला, आणि भिऊन बिऱ्हाड बदललें. ह्या सर्व काळांत वीस वेध घेऊन त्यांनीं ल्हासाचा अक्षांश २९ अंश ३९ कला १७ विकला असा ठरविला. आजच्या नकाशावर पोताला राजवाडा त्याच अंशावर आणि त्याच कलेवर आहे. एप्रिलमध्यें लडाखी तांड्याबरोबर ते मानससरोवराच्या वाटेला लागले आणि ऑक्टोबर १८६६ मध्यें डेहराडूनला परतले. सुमारें बाराशें मैल, पंचवीस लक्ष पावलें. एकतीस ठिकाणांचे अक्षांश, तेहतीस ठिकाणांच्या उंच्या.

पुढच्याच वर्षीं त्यांना थोक जालुंग येथील सोन्याच्या खाणी पाहण्यास पाठविलें. ती जागा १६,००० फुटांच्या वर. ऑगस्ट महिना असूनहि, इतकी थंडी आपण साऱ्या प्रवासांत कोठें अनुभवली नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. वाऱ्यापासून बचाव व्हावा म्हणून खाणकामगार जमिनींत खड्डे करून त्यांत तंबू ठोकीत. ते निजत तेहि आडवे होऊन नव्हे. गुडघे डोक्याजवळ आणून, गुडघ्यांवर व कोंपरांवर अंग तोलून, असेल नसेल तें पांघरूण पाठीवर घेऊन. आणि गंमत अशी, कीं ह्या कामगारांना हिंवाळाच अधिक पसंत असे. गोठलेली माती अंगावर ढांसळत नाहीं ना!

पामीरच्या बाजूस दुसरे एक प्रवासी, मिर्झा शुजा, जानेवारी १८६९ मध्यें बर्फांतून पार गेले आणि फेब्रुवारीच्या आरंभीं काशगरला पोंचले. पामीरच्या वादळांतून ते वांचले. पण पुढें बुखाऱ्याकडे जात असतां, झोंपेंत असतांना वाटाड्यांनींच त्यांचा खून केला.

नैनसिंगांचा शेवटचा मोठा प्रवास १८७४ चा. लेहहून निघून उत्तरेच्या निर्जन पठारावरून ल्हासा, तेथून तवांग, आणि मार्च १८७५ मध्यें आसामांत उदालगुडी. ह्या खेपेस ओझ्याला सव्वीस मेंढरें घेतलीं होतीं. प्रत्येकाच्या पाठीवर दहा-बारा शेर ओझें, आणि चारा वाटेंत मिळेल तो. हजार मैलांच्या वर चालून त्यांतलीं चार-पांचच शेवटपर्यंत टिकलीं. १८७७ सालीं लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनें पंडितांना सुवर्णपदक दिलें. भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें तें २००४ सालीं. मधल्या काळांत, १९०४ सालीं, ब्रिटिश फौज तोफा घेऊन ल्हासांत शिरली होती, आणि मिलमचा तिबेटशीं चालणारा व्यापार १९६२ च्या युद्धानें कायमचा बुडाला होता.

नैनसिंगांनीं जे शिष्य तयार केले त्यांत त्यांचे चुलतभाऊ किशनसिंग हे सर्वांत कसलेले निघाले. खात्याच्या कागदांत त्यांचें नांव नसे. नांवांतलीं अक्षरें उलटीं करून केलेली ‘ए-के’ एवढी खूण असे. एप्रिल १८७८ मध्यें ते दार्जिलिंगहून निघाले. ल्हासाला तांड्याची वाट पाहण्यांत वर्ष गेलें. उत्तरेच्या पठारावर दरोडेखोरांनीं लुटलें, एक नोकर पैसे व घोडे घेऊन पळाला; चुंबेल नांवाचा दुसरा मात्र अखेरपर्यंत सोबत राहिला. लोकांकडे चाकरी करीत ते चीनच्या हद्दींतील तुनह्वांग गांवापर्यंत पोंचले, तेथें कित्येक महिने अडकून पडले. परततांना एका टप्प्यांत धन्यानें चोरांच्या भयानें त्यांना घोड्यावर बसण्याची सक्ति केली. तेवढा मार्ग कोरा सोडावा, तर मागच्या साऱ्या मोजणीचा धागा तुटतो. किशनसिंगांनीं घोड्याच्या पुढच्या उजव्या पायाकडे लक्ष ठेविलें, आणि तो पाय किती वेळां पडला तें मोजीत माळ ओढली. त्या आंकड्यांवरून काढलेलें अंतर खात्याला बरोबर वाटलें.

शेवटीं ते रिमा गांवीं आले. तेथून आसामची हद्द तीसेक मैलांवर. परंतु मधल्या मिश्मी लोकांच्या मुलखांतून जिवंत जाणें शक्य नव्हतें. ते मागें फिरले आणि पुन्हां घाटामागून घाट ओलांडीत ल्हासाच्या बाजूनें वळसा घालून निघाले. रिमापासून ल्हासाच्या बाजूपर्यंतच्या ह्या वाटेंत त्यांना त्सांगपो नदी कोठेंहि ओलांडावी लागली नाहीं. त्यामुळें ती ब्रह्मदेशांतील इरावतीला मिळते हा कित्येक भूगोलशास्त्रज्ञांचा तर्क खोटा ठरला, आणि ती ब्रह्मपुत्राच असली पाहिजे हें स्पष्ट झालें. नोव्हेंबर १८८२ मध्यें किशनसिंग दार्जिलिंगला पोंचले. सुमारें २,८०० मैलांचा प्रवास झाला होता. प्रकृति पार खालावली होती. मागें एकुलता एक मुलगा वारला होता, आणि घर मोडलें होतें. त्यांनीं खात्याच्या स्वाधीन केलेल्या टिपणांत साडेचार वर्षांचीं सारीं पावलें नोंदलेलीं होतीं, घोड्याचीं धरून.