यंत्राचा दर्शनी भाग आणि आपली अक्षरे

यंत्र आणि माणूस यांची गाठ ज्या जागी पडते, त्या जागेला आपल्या भाषेत अजून सर्वांच्या तोंडी बसलेले नाव नाही. तज्ज्ञ तिला इंटरफेस म्हणतात. घराच्या दृष्टान्ताने सांगायचे तर तो घराचा दर्शनी भाग होय. दार कोठे आहे, पायरी किती उंच आहे, कडी कोणत्या हाताला आहे, हे सारे त्यात आले. आत कितीही सोयी असोत. पायरी फार उंच असेल तर म्हातारे माणूस अंगणातच राहते. संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्याचेही तसेच आहे. सातबारा, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज यांची वाट आता तळोद्यातही पडद्यावरूनच जाते. तेव्हा हा दर्शनी भाग कोणी बांधला आणि कोणाला डोळ्यांपुढे ठेवून बांधला, हा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा उरलेला नाही.

मराठी माणसापुरता या प्रश्नाचा इतिहास संगणकाच्या पुष्कळ आधी, छपाईच्या खिळ्यांपासून सुरू होतो. त्यात एकच झगडा पुनःपुन्हा दिसतो : यंत्राने अक्षरापुढे वाकायचे, की अक्षराने यंत्रापुढे?

विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण बंगालमधील श्रीरामपूर येथे १८०५ साली छापले गेले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढले. शिळाछापात हाताने लिहिलेले अक्षर जसेच्या तसे दगडावरून कागदावर उतरते. तेथे यंत्राने लिपीला फारसे काही मागितले नाही. खिळ्यांचे तसे नव्हते. रोमन लिपीचे काम थोड्या खिळ्यांत भागते. आपल्याला काना, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे मिळून शेकडो खिळे लागतात. हे आव्हान जावजी दादाजी यांनी स्वीकारले. त्यांनी १८६४ मध्ये टाइपांचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्या हातून घडलेले ते वळणदार खिळे भारतभर नावाजले गेले. वाचकाच्या डोळ्यांना सुख व्हावे म्हणून कारागिराने कष्ट सोसावेत, हे त्या कामामागचे तत्त्व होते. आज ज्याला आपण पडद्याची रचना म्हणतो, तिचेही याहून मोठे तत्त्व सांगता येणार नाही.

मोडी लिपीच्या वाट्याला मात्र हे भाग्य आले नाही. तिची जलद, जोडून जाणारी वळणे खिळ्यांत नीट बसेनात; छपाईत बालबोध रुळली आणि मोडी दप्तरखान्यात मागे राहिली. संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात, म्हणजे युनिकोडमध्ये, मोडीला जागा मिळाली ती २०१४ मध्ये. तोवर ती वाचणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. साधन एखाद्या लिपीला आपल्या दारात उभे करीत नाही, तेव्हा काय घडते याचा हा दाखला आहे.

पुढे टंकलेखन यंत्र आले. त्यावर कळा मोजक्याच, म्हणून लिपीचीच काटछाट करावी असा विचार बळावला. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा प्रयत्न केला होता. सावरकरांनी 'अ'लाच वेलांट्या लावण्याची सूचना पुढे आणली. १९५३ मध्ये लखनौच्या परिषदेत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडून उजवीकडे नेण्याचे ठरले. लोकांच्या हाताला ते पटले नाही आणि १९५७ मध्ये तो बदल मागे घ्यावा लागला. या सुधारकांचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. परंतु ज्या यंत्रासाठी लिपी बदलायची, ते यंत्रच पन्नास-साठ वर्षांत अडगळीत गेले. लिपी मात्र आहे तेथेच आहे.

संगणकाने हा झगडा मिटवण्याची संधी दिली. कारण येथे कळ दाबणे आणि अक्षर उमटणे या दोन क्रिया वेगळ्या झाल्या. 'क' आणि वेलांटी या क्रमाने कळा दाबाव्यात, आणि वेलांटी 'क'च्या डावीकडे मांडण्याचे काम यंत्राने करावे. कानपूरच्या आय.आय.टी.त आणि पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये या दिशेने मोठे काम झाले. १९८६ मध्ये प्रमाण ठरलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकावर स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत. कळांचा हा क्रम अक्षराच्या आकारावर नसून उच्चारावर बेतलेला आहे. म्हणून तो बंगालीला, तमिळला आणि मराठीला सारखाच चालतो.

याच काळात पाश्चात्त्य देशांत पडद्याचे रूप पालटत होते. १९६८ मध्ये एंगलबार्ट यांनी माउस लोकांपुढे ठेवला. १९८४ च्या मॅकिंटॉशने फाइल, फोल्डर, कचऱ्याची टोपली ही चित्रे घरोघर नेली. ही सारी अमेरिकन कचेरीतल्या टेबलावरची चित्रे होत. हीच कल्पना पेशवे दप्तराच्या कारकुनाला सुचती, तर पडद्यावर कदाचित रुमालात बांधलेली दप्तरे दिसली असती! यातला विनोद सोडला तरी मुद्दा खरा आहे. चित्र सर्वांना कळते, हा समज अर्धाच खरा. ज्याने ती वस्तू हाताळली आहे त्यालाच ते चित्र बोलते. साठवण्याची खूण म्हणून आजही फ्लॉपीचे चित्र अनेक ठिकाणी असते, आणि शाळेतल्या मुलाने फ्लॉपी पाहिलेली नसते.

टिम बर्नर्स-ली यांचे वेब १९९१ मध्ये सर्वांना खुले झाले. पुढील काही वर्षांत मराठी वर्तमानपत्रेही तेथे आली, पण प्रत्येकाचा फाँट निराळा. तो उतरवून घेतला नाही तर बातमीच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसे. युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला आणि ही भिंत पडली. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' हा फाँट कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांच्या हातचा. पुढे मुंबईच्या 'एक टाइप'ने 'मुक्त', 'बलू' असे फाँट विनामूल्य खुले केले.

तरीही बारकाव्यांचे प्रश्न राहतात. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरामधल्या खोल वाटा. ज्या फाँटला हा भेद ठाऊक नाही, तो सातपुड्याच्या दऱ्यांचा समुद्र करून टाकतो! मराठी आणि हिंदी 'ल' व 'श' यांना युनिकोडमध्ये क्रमांक एकच. वळण कोणते ते फाँट ठरवतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वळणे निश्चित केली, ती याच गरजेपोटी.

पुढे पडदा तळहातात आला. २००७ च्या आयफोननंतर पान पडद्याच्या मापाप्रमाणे आपोआप जुळावे असा विचार रूढ झाला; २०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी त्याला नाव दिले. मुंबईच्या आय.आय.टी.त अनिरुद्ध जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये 'स्वरचक्र' आणले. व्यंजनावर बोट ठेवले की त्याच्या भोवती स्वरांचे चक्र उमलते, म्हणजे बाराखडीच बोटाखाली येते. निर्णयसागरच्या तत्त्वाचा हा नवा अवतार म्हणता येईल. मात्र त्याच वर्षी एक निराळी टूमही निघाली. उठावदार, सावली असलेली बटणे जाऊन सपाट रचना आली. दिसायला ती स्वच्छ आहे, पण कोठे दाबायचे ते नवख्याला त्यातून कळेनासे झाले. फॅशन सरावलेल्या डोळ्यांसाठी असते. नवख्याला तिची किंमत मोजावी लागते.

या इतिहासाचा आपल्या जिल्ह्याशी संबंध निकटचा आहे. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत दिला गेला, तो शेजारच्या शहादा तालुक्यातील टेंभली गावी. जेथून ही वाट सुरू झाली, तेथल्या माणसाला ती चालता येते काय? 'वळवी' हे आडनाव रोमन लिपीत एका कागदावर 'व्ही'ने आणि दुसऱ्यावर 'डब्ल्यू'ने लिहिले गेले, तर यंत्राच्या लेखी ती दोन माणसे होतात. आपण खरोखर माणूस आहोत हे सिद्ध करण्यासाठी वेडीवाकडी रोमन अक्षरे ओळखा, असे पडदा सांगतो. ज्याचे शिक्षण देवनागरीत झाले आणि घरची बोली भिली किंवा पावरी आहे, तो तेथेच थबकतो. डोंगरात संपर्क मधूनच तुटला की भरलेला अर्ज पुसला जातो. मग केंद्रावर जाणे, पैसे देणे, आणि आपली माहिती दुसऱ्याच्या हाती सोपवणे आले. आपल्या नावाचा कागद आपणच भरावा, एवढा साधा सन्मान येथे पणाला लागलेला असतो.

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी अंध व आम्लहल्ला-पीडितांच्या प्रकरणात निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काशी जोडला. कायद्याने हे मान्य केले हे उत्तमच झाले. पण कायद्याला रूप देणारा शेवटी कारागीरच असतो, आणि कारागीर मागणीप्रमाणे काम करतो. तेव्हा ती मागणी आपणच केली पाहिजे. अर्ज मराठीत असावा आणि नाव देवनागरीतच प्रमाण धरावे. भरलेले राखून ठेवावे. बटण बटणासारखे दिसावे. आणि असे पान लोकांपुढे ठेवण्यापूर्वी धडगावच्या किंवा अक्कलकुव्याच्या एखाद्या आजीच्या हातात देऊन पाहावे. लखनौची वेलांटी लोकांच्या हाताने परत फिरवली होती. न जमणारा पडदाही परत फिरवता येतो, हे आपण विसरू नये.