चेहऱ्याचं भिंग

गेल्या पंधरवड्यात नातवाचा पुण्याहून फोन आला. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचं ठरलंय. "आबा, तुम्ही पाळण्यात बसणार नाही ना? मग फोटो तुम्हीच काढायचे," असा हुकूम झाला. थोरल्याचा जुना डिजिटल कॅमेरा दोन वर्षांपासून माझ्याकडे येरमाळ्यात पडून आहे. त्यावर १८-५५ चं भिंग आहे. नातवाचं म्हणणं, एवढ्याने काही होत नाही, १८-४०० घ्या, एकाच लेन्समध्ये सगळं येतं. थोरला म्हणाला, मोबाईल आहे की! सूनबाई तेवढी व्यवहाराचं बोलली, "बाबा, आधी वजन बघा. दिवसभर गळ्यात तुम्हालाच वागवायचंय."

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. माझ्यासारख्या माणसाला साधी टाचणी आणायला सांगितली तरी तो टाचणीचा शोध कुणी लावला इथून सुरू करतो. तेव्हा भिंग घ्यायच्या आधी भिंगाचा इतिहास वाचून काढला. वाचता वाचता माझ्या घरातली एक जुनी गोष्ट अशी काही उलगडली, की लिहून ठेवावंसं वाटलं.

आमच्या लहानपणचं थीम पार्क म्हणजे चैत्री पौर्णिमेची येडेश्वरीची जत्रा. देवीचं देऊळ बालाघाटाच्या डोंगरावर आहे. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पालखी खाली आमराईकडे निघते आणि वाटेत माणसं रानातले चुन्याचे खडे वेचतात. त्या गर्दीचा फोटो काढायचा म्हटलं तर आजही कुठे उभं राहावं कळत नाही. आकाशपाळणा, मौत का कुआँ, तमाशाच्या राहुट्या, रेवड्यांचे ढीग... आणि एका कडेला फोटोवाल्याचा तंबू. आत रंगवलेला पडदा असायचा. पडद्यावर कधी मोटार, कधी ताजमहाल. फोटोवाला काळ्या कापडात डोकं घालायचा आणि आम्ही पोरं बाहेरून वाकून बघायचो. चेहरा नीट उठावा अशी ज्याची इच्छा असेल त्याने त्या तंबूत जायचं आणि पैसे मोजायचे, अशी सरळ विभागणी होती.

ही विभागणी नुसती पैशांची नव्हती, भिंगांची होती, हे मला आता पंच्याहत्तरी जवळ आल्यावर समजलं!

झालं असं. १८३९ मध्ये दागेरची फोटोची रीत पॅरिसमध्ये जाहीर झाली, तेव्हा कॅमेऱ्याला लावायला जी भिंगं होती ती देखाव्याची. वॉलस्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१२ मध्ये चित्रकारांच्या अंधारपेटीसाठी एक साधं, एका बाजूने खोलगट आणि दुसऱ्या बाजूने फुगीर भिंग सुचवलं होतं. त्याच घराण्यातली ही भिंगं. डोंगर, इमारती, नदीचा घाट यांना ती चांगली. पण त्यांचं तोंड बारीक ठेवावं लागे, म्हणून उजेड कमी आणि वेळ फार. डोंगर पाच मिनिटं हलत नाही, माणूस कसा थांबेल? मग १८४० मध्ये व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी खास चेहऱ्यासाठी भिंग आखलं. आखलं म्हणजे अक्षरशः आकडेमोड करून. त्या कामाला त्यांना ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातली हिशेबात पक्की माणसं मिळाली होती, असं सांगतात. फोग्टलँडर या कंपनीने ते भिंग घडवलं. आधीपेक्षा कितीतरी पट उजेड आत येऊ लागला आणि माणूस मिनिटाच्या आत कागदावर उतरू लागला (त्या वेळी खरं तर कागदावर नाही, चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर).

तेव्हापासून दोन घराणी झाली. एक देखाव्याचं भिंग, एक चेहऱ्याचं भिंग. फोटोग्राफरच्या पेटीत दोन्ही असायची आणि काम बघून लावायची. आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सहाव्या निजामाचे, महबूब अली खानांचे, दरबारी फोटोग्राफर राजा दीनदयाळ. शिकारी, महाल, पलटणी, जनाना, सगळं त्यांनी काचेच्या तबकड्यांवर उतरवलं. ते १९०५ मध्ये वारले. त्यांचे फोटो छापलेले पाहिले की देखाव्यात देखावा आणि चेहऱ्यात चेहरा, दोन्हीकडे हात सारखाच चालतो. पण बरोबर किती पेट्या, किती माणसं लागत असतील याचा हिशेब करा. जत्रेला जाणाऱ्या शेतकऱ्याचं ते काम नव्हे.

साध्या माणसाच्या हातात कॅमेरा आला तो कोडॅकमुळे. १८८८ मध्ये पहिला, आणि १९०० मध्ये एक डॉलरचा ब्राउनी. आता गंमत बघा. या एक डॉलरच्या डब्यात कुठलं भिंग बसवलं? तेच जुनं, स्वस्त, वॉलस्टनच्या वळणाचं. देखाव्याचं! फोकस कायमचा ठरलेला, दूरचं सगळं बरं दिसणार, जवळ जाल तर पुसट. म्हणजे लोकांनी कॅमेरा घेतला आपल्या माणसांचे चेहरे जपायला, आणि त्यांना मिळालं डोंगर टिपायचं भिंग. यात कुणाचा कट नव्हता, स्वस्तात तेवढंच बसत होतं. पण परिणाम काय झाला तो जगातल्या प्रत्येक घराच्या जुन्या आल्बममध्ये बघायला मिळेल. भलंमोठं आकाश, भलीमोठी जमीन आणि मधे बोटभर माणसं.

आपल्याकडे हाच डबा ॲग्फा क्लिक थ्री म्हणून आला. बडोद्याला तयार व्हायचा. १२० चा रोल, बारा फोटो. मी तो नोकरी लागल्यावर १९७६ मध्ये जुना विकत घेतला. लग्नाला वर्ष झालं होतं. पुढच्या चैत्रात आमच्या हिला घेऊन जत्रेत गेलो आणि तोऱ्यात बाराच्या बारा फोटो काढले. पाळण्यापाशी, रेवडीच्या दुकानापाशी, डोंगराच्या पायऱ्यांवर. दुकानदाराने बजावलं होतं, गुरुजी, दहा फुटांच्या आत जाऊ नका. मी शिस्तीचा माणूस, बारा-पंधरा फुटांवरूनच काढले. ती म्हणायची, "जरा जवळ या की, एवढ्या लांबून काय दिसणार?" मी म्हणायचो, तुला यातलं कळत नाही.

ती २०१९ मध्ये गेली. भिंतीवर लावायला फोटो शोधू लागलो तेव्हा जत्रेचेच हाती आले. त्यात ती हसतेय एवढं कळतं. चेहरा मात्र ज्वारीच्या दाण्याएवढा. निगेटिव्ह तालुक्याला नेऊन मोठी करून पाहिली, तर नाकडोळे विरघळले आणि नुसते ठिपके उरले. पुढची चाळीस वर्षं संसारात, शाळेत आणि कर्जात गेली, फोटो लग्नकार्यातले, तेही गर्दीतले. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात ती दचकल्यासारखी दिसते. तशी ती कधीच दिसत नव्हती.

असो. भिंगाकडे येऊ.

दोन घराण्यांचा मेळ घालायचा प्रयत्न झूम भिंगाने केला. सिनेमाच्या कॅमेऱ्याला ते आधी आलं. साध्या ३५ मि.मी. कॅमेऱ्यासाठीचं पहिलं झूम १९५९ चं, ३६ ते ८२ मि.मी. पल्ल्याचं, आणि ते बाजारात आणलं कुणी? त्याच फोग्टलँडरने! ज्यांनी चेहऱ्याचं भिंग वेगळं काढलं त्यांनीच एकशे एकोणीस वर्षांनी ते परत जोडायला घेतलं, हे वाचून मी एकटाच हसलो. १९६३ मध्ये निकॉनचं ४३-८६ आलं. पल्ला जेमतेम दुप्पट आणि चित्र तसं यथातथाच, पण लोकांनी ते उचललं. १९९२ मध्ये टॅमरॉनने २८-२०० काढलं, म्हणजे सातपट पल्ला. १९९५ मध्ये कॅननने हाताचा थरकाप सावरणारी यंत्रणा बदलत्या भिंगात आणली. माझ्यासारख्यांवर उपकारच! आणि नातू म्हणतो ते १८-४०० हे टॅमरॉनचं, २०१७ चं. बावीस पट.

झूमची गरज काय ते मी १९९५ मध्ये एस्सेलवर्ल्डला डोळ्यांनी पाहिलंय. गोराईचं ते पार्क १९८९ मध्ये सुरू झालं आणि २०२२ मध्ये बंद पडलं. आमच्या शाळेची सहल मुंबईला गेली तेव्हा होडीतून तिथे गेलो. बालाघाटातल्या पोरांना समुद्र, होडी आणि ते अजस्र पाळणे एकाच दिवशी! आमच्या विज्ञानाच्या सरांकडे चांगला कॅमेरा होता, ५० चं आणि १३५ चं अशी दोन भिंगं. पोरं पाळण्यात वर गेली तशी सरांनी ५० चं काढून १३५ चं लावायला घेतलं. झाकणं खिशात, एक भिंग काखेत, वारं सुटलेलं. भिंग बसलं तोवर पोरं खाली उतरून चपला घालत होती.

तेव्हा अशा ठिकाणी एकच भिंग नेणं शहाणपणाचं, हे माझं पक्कं मत. गर्दीत भिंग बदलायला जाल तर क्षण जातो, आणि डिजिटल कॅमेऱ्यात धूळ थेट आतल्या सेन्सरवर बसते. प्रश्न उरतो कुठलं.

वहीवर हिशेब मांडला. आमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे साडेतेवीस मि.मी. रुंद. १८ मि.मी.ला दोन मीटरवर उभं राहिलं तर अडीच मीटरची चौकट मिळते, म्हणजे अख्खं कुटुंब दाटीवाटीने मावतं. गर्दीत मागे सरकायला जागा नसते, म्हणून हे टोक हवंच. आता दुसरं टोक. पायाखाली फरशी नसलेला नायट्रो नावाचा तिथला तो उलटासुलटा झोका समजा साठ मीटरवर आहे. ५५ ला पंचवीस मीटरची चौकट येते, नातू पुन्हा ज्वारीचा दाणा. १४० ला दहा मीटर, २०० ला सात, ४०० ला साडेतीन. नातवाचं बरोबर आहे, ४०० ला त्याचे दातही दिसतील. पण एवढ्या वेगात जाणारा डबा साडेतीन मीटरच्या खिडकीत पकडणं माझ्या हाताला जमणार आहे का? शिवाय ते सातशे ग्रॅमच्या वर. १८-१४० पाचशेच्या आत.

झूमचा दोष उजेडाचा, तोही लिहून ठेवतो. लांबच्या टोकाला या भिंगांचं तोंड एफ ५.६ किंवा ६.३ पर्यंत आवळतं. ३५ मि.मी.चं एफ १.८ चं छोटं भिंग त्याच्या दहा-बारा पट उजेड आत घेतं. अंधाऱ्या दालनांत किंवा दिवे लागल्यावर झूम हतबल होतं, आणि थरकाप सावरणारी यंत्रणा माझा हात धरेल, पळणाऱ्या पोराला धरणार नाही. म्हणून दिवे लागले की कॅमेरा पिशवीत, असं ठरवून टाकलं. पुढचं काम थोरल्याच्या मोबाईलचं. (मोबाईलमध्ये म्हणे आता दोन-तीन भिंगं शेजारी शेजारी बसवतात. म्हणजे फिरून दीनदयाळांचीच पेटी, फक्त खिशात मावणारी.)

पुण्याला गेलो तेव्हा एका दुकानात वापरलेलं १८-१४० मिळालं. नातू थोडा हिरमुसला. दुकानदाराला मी एकच प्रश्न विचारला, किती जवळ चालतं? तो म्हणाला, "काका, सहसा लोक किती लांबचं येतं ते विचारतात." पंचेचाळीस सें.मी., त्याने सांगितलं. दीड फूट. मी पैसे मोजले.

परवा घरी आल्यावर अंगणात पहिला फोटो काढला तो अक्काचा. माझी थोरली बहीण, चार दिवसांसाठी आलेली, ज्वारी निवडत बसली होती. समोर पाट घेऊन बसलो आणि भिंग पुढे सरकवत नेलं, चौकटीत नुसता चेहरा उरेपर्यंत. फोटो पडद्यावर मोठा करून दाखवला. कपाळावरचं गोंदण, नाकातली चमकी, डोळ्यांभोवतीच्या सगळ्या सुरकुत्या.

"अगं बाई! एवढी म्हातारी झाले का रे मी? पुसून टाक तो."

हो म्हणालो आणि दोन प्रती काढायला टाकल्या. इमॅजिकाचे दिवाळीनंतर दाखवीन.