काविळीचा वारसा

नवजात बाळाच्या अंगावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळी झाक आली, तर घरातल्या जाणत्या बायका सहसा घाबरत नाहीत. आठवड्या-दोन आठवड्यांत ती उतरते, हा त्यांचा अनुभव. आणि बहुतांशी तो खराही आहे. परंतु १९५२ साली जॉन क्रिग्लर आणि व्हिक्टर नज्जर या अमेरिकेतील दोन डॉक्टरांनी ज्या सहा अर्भकांची हकिकत प्रसिद्ध केली, त्यांची कावीळ उतरलीच नाही. ती बालके एकमेकांशी नाते असलेल्या तीन कुटुंबांतली होती. रक्तपेशी वाजवीपेक्षा अधिक फुटत नव्हत्या, पित्तमार्ग मोकळे होते, यकृतही वरवर पाहता निर्दोष होते. तरीही पाच बालके पंधरा महिन्यांच्या आत मेंदूला इजा होऊन दगावली. सहावा मुलगा पंधराव्या वर्षापर्यंत धडधाकट राहिला आणि मग अकस्मात त्याच आजाराने गेला.

जुन्या रक्तपेशी मोडल्या की त्यांतून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य निघते. ते पाण्यात विरघळत नाही. यकृत त्याला ग्लुकुरॉनिक आम्लाची जोड देते, तेव्हा कुठे ते पित्तावाटे बाहेर पडू शकते. ही जोडणी १९५६-५७ च्या सुमारास चेकोस्लोव्हाकिया, अमेरिका व इंग्लंड येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे उलगडली. या मुलांच्या यकृतात जोडणी करणारे विकरच नव्हते. म्हणून ते द्रव्य रक्तात साठे आणि अखेर मेंदूत उतरे.

येथे एका उंदरास श्रेय दिले पाहिजे. १९३८ साली गन यांनी जन्मतः पिवळ्या उंदरांचा एक वाण नोंदवला होता. त्या वेळी ती निव्वळ एक नवलाई वाटली असेल. पुढे त्या उंदरांतही तेच विकर नसल्याचे आढळले आणि रोगाचा अभ्यास करण्यास जिवंत नमुना हाती आला. आई आणि बाप या दोघांकडून एकेक सदोष जनुक आले, तरच हा रोग होतो. ते स्वतः निरोगी असतात आणि त्यांच्या प्रत्येक अपत्याला चारांत एक धोका राहतो. जवळच्या नात्यात सोयरीक झाली, की असे दोन जनुक एकत्र येण्याचा संभव वाढतो. मामेबहिणीशी लग्न करण्याची चाल असलेल्या आपल्या समाजानेही हे ध्यानात घ्यावे.

उपाय मात्र सापडला तो भलत्याच वाटेने. १९५६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात रॉचफर्ड रुग्णालयातील सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना कोवळ्या उन्हात नेत असत. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवले. त्याचे अंग फिके पडले होते. कापडाखाली झाकलेला त्रिकोणी भाग तेवढा पिवळा होता. डॉक्टरांना प्रथम वाटले, कोणी आयोडीन लावले असावे! पुढे खिडकीत उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नळीतील बिलिरुबिनही घटलेले आढळले. १९५८ साली क्रेमर, पेरीमन आणि रिचर्ड्स यांनी प्रकाशोपचारावरील निबंध प्रसिद्ध केला. लेखकांच्या नावांत सिस्टर वॉर्ड नव्हत्या. मला हे खटकते. प्रयोगशाळेची दारे ज्याला उघडी, इतिहास त्याच्याच नावाने लिहिला जातो. आपल्याकडेही बाळाला उन्हात धरतातच. पण झाकलेले अंग आणि उघडे अंग यांची तुलना करून पाहिली, ती त्या परिचारिकेने.

सामान्य कावीळ या निळसर प्रकाशाखाली काही दिवसांत ओसरते. क्रिग्लर-नज्जर रोगाच्या तीव्र प्रकारात मात्र रोज दहा-बारा तास, वर्षानुवर्षे प्रकाश घ्यावा लागतो. वय वाढते तसा त्याचा परिणाम उणावतो आणि बहुधा यकृतरोपणाची वेळ येते. सौम्य प्रकारात फिनोबार्बिटल या औषधाने बिलिरुबिन घटते, कारण तेथे थोडे का होईना, विकर शिल्लक असते. सदोष जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर आहे, हे १९९० नंतरच्या दशकात नक्की झाले. २०२३ साली युरोपातील संशोधकांनी निर्दोष जनुक विषाणूच्या कवचातून यकृतात पोचवल्याचे वृत्त दिले. पाच रुग्णांपैकी अधिक मात्रा मिळालेल्या तिघांना दिव्याखाली झोपणे सोडता आले.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या अमिश व मेनोनाइट वस्त्यांत हा रोग पिढ्यान्‌पिढ्या आढळतो. सार्वजनिक विजेच्या तारा घरात न घेणाऱ्या अमिश शेतकऱ्यांनीही आजारी मुलांपुरता हा निळा दिवा घरात आणला.