२७ जानेवारीला जाऊन यायचं असेल तर

तारीख एकच धरायची, २७ जानेवारी. साल हवं ते फिरवा. फक्त एक पथ्य पाळा: जिथे जाल तिथे प्रकाशझोतातल्या माणसाकडे बघत बसू नका. त्याला बघायला अख्खं जग आहेच. तुम्ही त्याच्या शेजारी कोण उभं आहे ते बघा. गाणी तिथून जास्त नीट दिसतात.

सुरुवात १९५६ पासून करा. शुक्रवार आहे, अमेरिकेतलं कुठलंही गाव चालेल, रेकॉर्डचं दुकान तेवढं हवं. आरसीए व्हिक्टरची नवी तबकडी आज बाजारात आली आहे. वर नाव आहे एल्व्हिस प्रेस्ली, गाणं ‘हार्टब्रेक हॉटेल’. सुई टेकली की आधी नुसता आवाज येतो, वाद्यं जवळजवळ नाहीतच, आणि तो आवाज रिकाम्या चाळीच्या जिन्यात कुणीतरी गात असल्यासारखा घुमतो. घुमतो, कारण तो खरोखरच घुमवलेला आहे. १० जानेवारीला नॅशव्हिलच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं तेव्हा इमारतीच्या लांब बोळाचा वापर प्रतिध्वनीसाठी केला होता.

पण तुम्ही दुकानात रेंगाळू नका, न्यूयॉर्कला कंपनीच्या कचेरीत जा. तिथे स्टीव्ह शोल्स नावाचा एक निर्माता आहे. आज या माणसाची नोकरी टांगणीला लागली आहे. सन रेकॉर्ड्सकडून या पोराचा करार उचलायला ३५,००० डॉलर मोजलेत, वर थकलेल्या मानधनाचे ५,०००. अशी रक्कम तोवर कुणी ऐकली नव्हती. आणि टेप ऐकून वरच्या साहेबांनी सांगितलंय की हे काही जमलेलं नाही, परत जा आणि नव्याने रेकॉर्ड करा. शोल्सने ऐकलं नाही. उद्या, शनिवारी, एल्व्हिस पहिल्यांदा देशभरच्या टीव्हीवर दिसणार आहे. शोल्सला वाटत असेल, चला, जाहिरात तरी होईल. त्याला सांगू नका, पण एल्व्हिस उद्या हे गाणं म्हणणारच नाही! दुसरीच म्हणेल. तरीही पुढच्या काही महिन्यांत ही तबकडी पहिल्या नंबरावर जाऊन दहा लाखांच्या वर खपते. साहेब मग गप्प झाले असणार, साहेब नेहमी तसेच गप्प होतात.

आता १९७०, मंगळवार, लंडन, अ‍ॅबी रोडवरचा ईएमआयचा स्टुडिओ. संध्याकाळ आहे. जॉन लेननने आज सकाळी उठून पियानोवर एक गाणं लिहिलंय आणि आजच ते संपवायचा त्याचा हट्ट आहे. गाण्याचं नाव ‘इन्स्टंट कर्मा’. निर्माता म्हणून फिल स्पेक्टर आलाय, गिटारवर जॉर्ज हॅरिसन आहे. त्यांची ओळख करून द्यायची गरज नाही. तुम्ही ड्रमकडे सरका. तिथे अ‍ॅलन व्हाइट नावाचा वीस वर्षांचा पोरगा बसलाय. त्याचा ठोका मधेच अडखळल्यासारखा होतो आणि पुढच्याच क्षणी गाण्याला पुढे लोटतो. ते गाणं आजही कानात बसतं ते माझ्या मते या पोरामुळे, लेननच्या चालीमुळे त्याच्या निम्मंच. दहावा टेक पक्का होतो. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की कोरसला माणसं कमी पडताहेत. झालं, बीटल्सचा जुना मदतनीस मॅल इव्हान्स आणि पियानोवाला बिली प्रेस्टन जवळच्या एका नाइट क्लबात जातात आणि तिथली गिऱ्हाइकं उचलून आणतात. त्या घोळक्यात तुम्हीही घुसा. कोण विचारतंय? दहा दिवसांनी, ६ फेब्रुवारीला, रेकॉर्ड दुकानात असेल.

१९७२ मध्ये फार थांबण्यासारखं नाही, पण जा. शिकागोजवळ महालिया जॅक्सन आज गेली, वय साठ. गॉस्पेल गाणारी ही बाई आदल्याच वर्षी आपल्याकडे येऊन गेली होती, मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास असा दौरा झाला, आणि दिल्लीत इंदिरा गांधी तिचं गाणं ऐकायला बसल्या होत्या. आणि शेजारच्या माणसाचं म्हणाल, तर १९६३ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला मार्टिन ल्यूथर किंग लिहून आणलेलं भाषण वाचत होते, तेव्हा त्यांना त्या स्वप्नाबद्दल बोला असं जवळून ओरडून सांगणारी हीच. त्यांनी कागद बाजूला ठेवला. पुढचं सगळ्या जगाला पाठ आहे.

१९८४ चं सांगायला जड जातं. लॉस एंजेलिसचं श्राइन ऑडिटोरियम, पेप्सीच्या जाहिरातीचं शूटिंग, समोर सुमारे ३,००० माणसं बसवलेली. सहावा टेक. मायकल जॅक्सन पायऱ्या उतरायच्या आधीच आतषबाजी उडते आणि त्याच्या केसांना आग लागते. त्याला कळतही नाही, तो काही क्षण नाचतच राहतो. लोकांना वाटतं हाही नाचाचाच भाग. हातांनी आग विझवायला धावलेल्यांमध्ये मार्लन ब्रँडोचा मुलगा मिको आहे. त्याची बोटं भाजतात. स्ट्रेचरवरून बाहेर नेताना जॅक्सनचा हातमोजा घातलेला हात वर होतो, तो फोटो तुम्ही पाहिलाच असेल. भरपाईचे १५ लाख डॉलर त्याने भाजलेल्यांवर उपचार करणाऱ्या रुग्णालयाला देऊन टाकले. पण टाळूचं दुखणं गेलं नाही. त्या टाळूवरच्या शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामकांची सवय लागल्याचं १९९३ मध्ये त्याने स्वतःच जाहीर केलं. १९९६ मध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात जे त्याला बघायला गेले होते, त्यांच्यातल्या कितीजणांच्या डोक्यात ती आग असेल, कोण जाणे.

आता दिल्ली. इथे मात्र सवडीने जा. १९६३, रविवार.

पुष्कळजण हा प्रसंग २६ जानेवारीचा म्हणून सांगतात. नाही. परेड काल झाली. आज नॅशनल स्टेडियमवर सैनिकांच्या निधीसाठी कार्यक्रम आहे आणि मुंबईची सगळी फिल्मी दुनिया खाली उतरली आहे. शाल नाहीतर मफलर घेऊन जा, जानेवारीतली दिल्ली आहे आणि स्टेडियम उघडं. राष्ट्रपती राधाकृष्णन आहेत. नेहरू आहेत, त्र्याहत्तर वर्षांचे. चीनने युद्ध थांबवल्याला दोन महिने झालेत. त्या दोन महिन्यांत त्यांनी काय काय ऐकून घेतलंय ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या आसपास बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी घरचा माणूस लडाखहून किंवा नेफाहून परत आलेला नाही, हे धरून चाला आणि मोठ्याने बोलू नका.

लता मंगेशकर मंचावर येतात. तेहेतीस वर्षांच्या आहेत. आधी ‘हम दोनो’मधलं जयदेवांचं भजन, ‘अल्ला तेरो नाम’. मग ते नवं गाणं, ‘ऐ मेरे वतन के लोगों’. हे गाणं अजून कुठल्याही सिनेमात नाही. रेडिओवर वाजलेलं नाही. समोरच्या एकालाही याची पुढची ओळ ठाऊक नाही, आणि तुम्हाला सगळी कडवी तोंडपाठ आहेत. ओठ मिटून ठेवा.

आता पथ्य आठवा. लताबाईंकडे बघू नका. अण्णांकडे बघा.

अण्णा म्हणजे सी. रामचंद्र. रामचंद्र नरहर चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. याच महिन्यात पंचेचाळीस पुरी झाली. ‘अनारकली’, ‘अलबेला’, ‘आझाद’ ही सगळी कामं मागे पडली आहेत. ‘अनारकली’ मिळून करणाऱ्या लताबाई आणि अण्णांचं एकत्र काम बंद होऊन काही वर्षं झालीत. हे गाणं आधी आशाबाई म्हणणार होत्या, मग दोघी बहिणी मिळून म्हणणार असं ठरलं, मग आशाबाई बाजूला झाल्या. गाणं लताबाईंनीच म्हणावं म्हणून कवी अडून बसला होता. अण्णा चार-पाच दिवस आधीच दिल्लीला येऊन थांबले, लताबाईंकडे चालीची टेप दिली, आणि त्यांनी चाल टेपवरून बसवली. म्हणजे आत्ता जे गाणं सुरू होतंय, त्याची म्हणावी तशी तालीमच झालेली नाही. संगीतकाराला याचा अर्थ काय ते कुठल्याही वादकाला विचारा.

आणि चाल तरी कशी बांधली आहे ते ऐका. सुरुवातीला ठेकाच नाही. नुसता आवाज, कुणीतरी समोर बसवून सांगावं तसा. युद्धाचं गाणं म्हटलं की ढोल, ताशे, बिगुल, असा त्या दिवसांचा खाक्या. अण्णा तसलं काही करत नाहीत. ते थांबतात. इतका वेळ थांबतात की श्रोता स्वतःच पुढे सरकतो, आणि मग कुठे ताल येतो, तोही पाय आपटायला लावणारा नव्हे, चालायला लावणारा. ज्या माणसाने ‘अलबेला’त अख्ख्या देशाला नाचवलं, त्याने इथे हात आखडता घेतलाय. मला अण्णांची थोरवी ‘अनारकली’पेक्षा या आखडत्या हातात दिसते.

कडव्यात दिवाळी येते, घरी आपण दिवे लावत होतो आणि तिकडे रक्ताची होळी चालली होती. १९६२ ची दिवाळी खरंच ऑक्टोबरच्या अखेरीस, युद्ध पेटलेलं असतानाच आली होती. तीन महिन्यांपूर्वीचे ते दिवे इथे प्रत्येकाला आठवताहेत. पुढे शीख, जाट, गुरखा यांच्या जोडीला मराठा येतो. त्या ओळीला मान वळवून मराठी माणसं शोधू नका. बघा मंचावरच दोन आहेत.

गाणं सहा मिनिटांहून जास्त चालतं. संपल्यावर लताबाई आत जाऊन कॉफी घेताहेत, तेवढ्यात मेहबूब खान त्यांना हाक मारत येतात, पंडितजी बोलावताहेत म्हणून. नेहरूंनी त्यांना काय सांगितलं ते सगळ्यांना माहीत आहे: या गाण्याने त्यांना रडवलं. त्यानंतर नेहरू सोळा महिनेच होते. १९६४ च्या मेमध्ये गेले, तीही २७ तारीखच.

गर्दी पांगू लागली की मोजदाद करा. गायिका आहे, संगीतकार आहे, वादक आहेत, नट आहेत, निर्माते आहेत. कवी कुठे आहे? कवी प्रदीप दिल्लीत नाहीतच. त्यांना बोलावणंच नव्हतं. ‘किस्मत’मधल्या गाण्यापायी इंग्रजांच्या काळात ज्याला अटक टाळायला लपून राहावं लागलं, ज्याने अडून बसून हे गाणं लताबाईंच्याच गळ्यात घातलं, तो मुंबईत बसलाय. त्याचंही नाव रामचंद्रच, रामचंद्र द्विवेदी, उज्जैनजवळच्या बडनगरचा. दादासाहेब फाळके पुरस्कार मिळायला अजून चौतीस वर्षं जायची आहेत.

तारीख तीच ठेवा, सालही तेच, आणि पार्ल्याला जा. प्रदीपजींचं घर विचारलंत तर कुणीही दाखवेल. माहीमच्या किनाऱ्यावर फिरताना पहिल्या ओळी सुचल्या, जवळ काही नव्हतं म्हणून एका अनोळखी माणसाकडून पेन घेतलं आणि सिगारेटच्या पाकिटातल्या कागदावर त्या उतरवल्या, अशी हकिगत सांगतात. दिल्लीची बातमी त्यांना आधी द्या, अगदी नेहरूंसकट. मग तो कागद अजून आहे का, ते विचारा.